कळफलकावरील काटकसर

दि. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजेच आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, पहिल्या इंग्रजी इयत्तेत एका मुलाचा प्रवेश झाला. शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी ती नोंद आहे. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा होतो. शंभराहून अधिक वर्षांनंतरही ती एक ओळ चटकन दाखवता येते, कारण ती ठरलेल्या वहीत, तारखेने व क्रमांकाने लिहिलेली आहे. आपण मात्र मागील आठवड्यात संगणकात ठेवलेला उत्पन्नाचा दाखला शोधण्यात अर्धा तास घालवतो.

हा अर्धा तास क्षुल्लक नाही. आज शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरावा लागतो. जत-आटपाडीचा किंवा माण-खटावचा विद्यार्थी एका चुकीच्या फाइलमुळे पुन्हा तालुक्याला गेला, की त्याचा एक दिवस जातो आणि सोबत आलेल्या पालकाची मजुरीही बुडते. शेवटची तारीख उलटली तर नुकसान वर्षाचे होते. म्हणून संगणकावर वेळ वाचविण्याच्या काही साध्या सवयी येथे मांडत आहे. त्यांसाठी वेगळे शिक्षण लागत नाही. सराव मात्र लागतो.

१. हात कळफलकावरच ठेवावा

मजकूर निवडून ‘कंट्रोल’ व ‘सी’ या कळा एकत्र दाबल्या की त्याची प्रत घेतली जाते, ‘कंट्रोल’ व ‘व्ही’ने ती हव्या त्या जागी उमटते, ‘कंट्रोल’ व ‘एक्स’ने मजकूर मूळ जागेवरून उचलला जातो. कापणे व चिकटवणे ही कल्पना लॅरी टेस्लर या संशोधकाने १९७० च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात सहकाऱ्यासह संगणकावर आणली. छापखान्यात कात्री व खळ घेऊन जे काम होत असे, तेच हे.

समजा, दिवसातून पन्नास वेळा आपण माऊसऐवजी कळा वापरल्या आणि प्रत्येक वेळी चार सेकंद वाचले, तर दिवसाला दोनशे सेकंद होतात. वर्षाच्या तीनशे कामाच्या दिवसांत ते साडेसोळा तासांहून अधिक भरतात.

विंडोज १० व ११ मध्ये ‘विंडोज’ व ‘व्ही’ दाबल्यास पूर्वी घेतलेल्या पंचवीसपर्यंत प्रतींची यादी दिसते. प्रथम वापरताना ही सोय सुरू करावी लागते. सायबर कॅफेतील किंवा सामायिक संगणकावर मात्र ती बंद ठेवावी. आधार क्रमांक वा पासवर्ड तेथे मागे राहू शकतो.

२. चूक सुधारता येते, न जपलेले काम परत येत नाही

चुकून मजकूर पुसला गेला तर घाबरू नये. ‘कंट्रोल’ व ‘झेड’ दाबावे, मागची पायरी परत येते. लिहीत असताना दर काही मिनिटांनी ‘कंट्रोल’ व ‘एस’ दाबून काम जतन करावे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ब्राउझरमधील पान चुकून बंद झाले तर ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘टी’ने ते पुन्हा उघडते, पण अर्धवट भरलेली माहिती परत मिळेलच असे नाही. म्हणून लांब उत्तरे आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून मग अर्जात उतरवावीत.

अर्ज सादर झाल्यावर ‘कंट्रोल’ व ‘पी’ दाबून, छपाईच्या पर्यायांतून पीडीएफ निवडून पोचपावती जपून ठेवावी. पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपायचा असल्यास ‘विंडोज’, ‘शिफ्ट’ व ‘एस’ वापरावे.

३. फाइलला नीट नाव द्यावे

‘स्कॅन १’, ‘नवीन’, ‘नवीन अंतिम’ अशा नावांनी कोणाचेच भले झालेले नाही. फाइल निवडून ‘एफ २’ ही कळ दाबली की नाव बदलता येते. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा: ‘२०२४-०६-१५ उत्पन्न दाखला’. अशी नावे आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. मोठ्या यादीत एखादे नाव शोधायचे असेल तर ‘कंट्रोल’ व ‘एफ’ दाबून ते लिहावे. यादी केवळ कागदाचे छायाचित्र असेल तर मात्र हा शोध सहसा लागत नाही.

४. मराठी युनिकोडमध्येच लिहावी

एकदा मी विद्यार्थ्यांच्या नावांची लांबलचक यादी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकित केली. छापखान्यातील संगणकावर तो फॉन्ट नव्हता. उघडताच नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसली. रात्रभर बसून सारी यादी पुन्हा लिहावी लागली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, त्यामुळे ही आपत्ती टळते.

युनिकोडसाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाणित कळफलक शिकावा. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘के’च्या कळेवर क, ‘डी’वर हलन्त व ‘एल’वर त आहे, या तीन कळा क्रमाने दाबल्या की ‘क्त’ उमटतो. इंग्रजीतून मराठीत जाण्यासाठी, दोन्ही भाषा संगणकात जोडलेल्या असल्यास, ‘विंडोज’ व स्पेसबार पुरेसे आहेत.

सराव कसा करावा

सर्व कळा एकाच दिवशी पाठ करू नयेत. एका आठवड्यात दोनच निवडाव्यात, त्या कागदावर लिहून पडद्याजवळ लावाव्यात आणि त्या कामासाठी माऊसला हात लावू नये. पुढील आठवड्यात आणखी दोन घ्याव्यात. दोन महिन्यांत वरील सारी सामग्री बोटांत बसेल.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकजण कार्यालयांत रोज संगणक हाताळतात. सुट्टीत गावी आल्यावर एखाद्या मुलीला, मुलाला वा आपल्याच वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून एवढ्या गोष्टी दाखवाव्यात. फॉर्म आपण भरून देऊ नये. त्यांच्याकडून भरून घ्यावा. त्या दिवशी थोडा वेळ अधिक जाईल, पण पुढच्या वर्षी त्यांना कोणाची वाट पाहावी लागणार नाही.