पाण्यातल्या सफारीचा कानमंत्र

मुक्ता, ओकावांगोला निघालीस, छान! आता मामाच्या चार गोष्टी गाठीशी बांध.

पहिली गोष्ट महिन्याची. बोट्स्वानातली ओकावांगो नदी समुद्राला मिळतच नाही, कालाहारीच्या वाळूत पसरते आणि तिथेच आटून जाते. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरात, जानेवारी-फेब्रुवारीत. ते पाणी रमतगमत खाली पोचून साधारण जून ते ऑगस्टमध्ये भर धरतं. म्हणजे पूर येतो तो तिथल्या ऐन कोरड्या हिवाळ्यात! आजूबाजूचं रान सुकलेलं असल्याने जनावरंही पाण्याकडे वळतात. तेव्हाच जा. पहाटे मात्र हात गारठतात. कानटोपी आणि हातमोजे ठेव.

सामान बेताचं घे. माउन गावाहून कॅम्पला छोट्या विमानाने जायचं असतं. बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्यासकट वीसेक किलोच चालतं आणि बॅग मऊ लागते. चाकांची कडक सुटकेस नको. तिवई घरी ठेव. कॅमेरा टेकवायला बीनबॅग रिकामी ने आणि कॅम्पवर तांदूळ मागून भर. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असशील, तर यलो फिव्हरची लस आधीच घे. तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो.

आता मोकोरो. लांब, अरुंद होडी. मागे उभा राहून नावाडी काठीने ती रेटतो. आत बसलीस की नजर थेट पाण्याच्या पातळीला येते, आणि फोटोतला निम्मा जीव त्यातच असतो. होडी अरुंद, म्हणून उभं राहायचं नाही, एका बाजूला झुकायचंही नाही. १००-४०० ची एकच लेन्स पुरे, आणि कॅमेऱ्याला पाणी न शिरणारी पिशवी हवीच.

पपायरसच्या काडीवर इवलासा मॅलकाइट खंड्या दिसेल. सूर मारून तो बऱ्याचदा त्याच काडीवर परततो. त्याच्यामागे कॅमेरा फिरवू नकोस, काडीवर फोकस धरून थांब. मत्स्यगरुडाचं डोकं पांढरंशुभ्र, ते जळू नये म्हणून एक्स्पोजर थोडं उतरव. तो पुढे झुकला, शिटला, की उडणार समज. तोंड बहुधा वाऱ्याकडे असतं. शटर १/२००० च्या खाली नको. लेचवे हरणं पाणी उडवत पळतात, तिथेही हेच.

हिप्पोने जबडा वासला म्हणजे जांभई समजू नकोस, ती धमकी असते. त्याच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये होडी येता कामा नये. नावाडी मागे फिरतो म्हणाला, तर मुकाट मागे फिरायचं. ‘अजून थोडं जवळ घ्या ना’ हे ताडोब्यात जिप्सीवाल्याला म्हणतात तसं इथे म्हणायचं नाही. पक्षी उडावा म्हणून टाळ्या वाजवणारा माझ्या लेखी फोटोग्राफरच नव्हे.

आणि हे सगळं तिथे जाऊन शिकू नकोस. या हिवाळ्यात भिगवणला जा, उजनीच्या पाण्यात होडी घे. फ्लेमिंगो उठताना, होडी डुलत असताना क्षितिज सरळ राखणं जमलं, की मगच ओकावांगोची बॅग भर.