रस्त्याकडेचं घर आणि रक्तदाब

दौंडच्या माणसाला गाडीच्या आवाजानं जाग येत नाही, असं आमच्याकडे अभिमानानं सांगतात. माझं माहेर तिथलंच, रेल्वेच्या वसाहतीला लागून. रात्रभर शंटिंगचे धक्के, शिट्ट्या, मालगाड्यांचा खडखडाट. लग्नानंतर शिरूर तालुक्यात आले ती शिक्रापूर आणि रांजणगावच्या मधे, नगर रस्त्याला चिकटलेल्या घरात. एमआयडीसीचे कंटेनर बारा महिने, आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर. मला झोप लागायची, म्हणून त्रासाचा प्रश्नच कधी मनात आला नाही.

पंचेचाळिशीच्या आतच रक्तदाब १६०/१०० निघाला. मीठ कमी केलं, गोळी सुरू झाली, तरी सकाळचा आकडा उतरेना. मग दंडाला चोवीस तास यंत्र बांधलं. निरोगी माणसाचा दाब रात्री झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. माझा जवळपास दिवसाइतकाच राहत होता. डॉक्टरांनी विचारलं, "ताई, तुम्ही झोपता कुठे?"

त्यांनी समजावलं ते असं. झोपेतही कान चालू असतो. हॉर्न वाजला की आपण जागे झालो नाही तरी शरीर धोका समजून अॅड्रिनलिन सोडतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. वर्षानुवर्षं ऐकून मेंदू जागं होणं बरंचसं सोडून देतो, पण हृदयाची ही प्रतिक्रिया पुरती थांबत नाही. जर्मनीत माइन्झच्या संशोधकांनी २०१३ साली निरोगी तरुणांना रात्री विमानांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. सकाळी त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता घटलेली दिसली, तीही धडधाकट वयात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली युरोपसाठी मर्यादा सुचवल्या: रात्री रस्त्याचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली, रेल्वेचा ४४ च्या खाली. त्यामागच्या अभ्यासांत रस्त्याचा आवाज दर १० डेसिबलनं वाढला की हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या आजाराचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. एकट्यादुकट्यासाठी हा धोका थोडा आहे. तंबाखू, मिसरी आणि मीठ यांचा वाटा त्याहून मोठा, आणि माझ्या आईलाही दाब होताच. पण रस्त्याकडेला अख्खी गावं राहतात, म्हणून थोडा धोकाही फार घरांत पोचतो.

मी खाट मागच्या खोलीत नेली. मधे दोन भिंती आल्या. रस्त्याकडच्या खिडकीच्या फटी रबराच्या पट्टीनं बुजवल्या. पडद्यानं आणि दारातल्या दोन-चार झाडांनी आवाज फारसा अडत नाही, तिथे पैसे घालवू नका. कानात फोमचे बोळे चालतात, मात्र तान्हं बाळ किंवा आजारी माणूस सांभाळणाऱ्यानं ते टाळावेत. गोळी मी तीच ठेवली, आणि हळूहळू सकाळचा दाब आटोक्यात आला. आवाज कमी झाला म्हणून गोळी कुणी मनानं बंद करू नये, हे मी हात जोडून सांगते.

घर बदलणं प्रत्येकाला जमत नाही, म्हणून गावानंही बोललं पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. वस्तीत रात्री अगदी निकड नसेल तर हॉर्न वाजवायलाच मनाई आहे. ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यांबद्दल आणि रिकाम्या ट्रॉल्या आदळवणाऱ्या वेड्यावाकड्या गतिरोधकांबद्दल ग्रामसभेत ठराव मांडा. रात्री गाणी लावून जाणारा ट्रॅक्टर दिसला तर ११२ ला फोन करा. ऊस वेळेवर जायलाच हवा, पण त्याला कर्णा लागत नाही.

एक गोष्ट मला फार लागते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांची खाट बाहेरच्या खोलीत किंवा पडवीत असते. येणाऱ्याजाणाऱ्याशी चार शब्द बोलता येतात, म्हणून. म्हणजे ज्यांचं हृदय सगळ्यात नाजूक, तेच रस्त्याला सगळ्यात जवळ. दिवसा त्यांना खुशाल पुढे बसू द्या, पण रात्री आत झोपवा. आणि घरातल्या तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा दाब मोजून घ्या. सरकारी आरोग्य उपकेंद्रात तो फुकट मोजतात.