कळसूबाईला निघालीस ना, मग एवढं ऐकून जा

पायथ्याच्या बारी गावातून वर बघशील तर लख्ख ऊन असेल, पण भुलू नकोस गं. पायथ्याचं ऊन माथ्याला जामीन राहत नाही. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि वर आडोशाला एक झाड नाही.

१. पहाटे निघ, दुपारच्या आत वाटेवरच्या शिड्या उतरून खाली ये — मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतरच गडगडतो, आणि तेव्हा उघड्या माथ्यावर सगळ्यात उंच तूच असतेस.

२. जीन्स घरी ठेव — एकदा भिजली की वाळत नाही आणि गुडघाही वाकू देत नाही.

३. छत्रीही नको, रेनकोट घे — वारा ती उलटी करतो, आणि शिडीला दोन्ही हात लागतात.

४. कोरडा टी-शर्ट आणि मोजे पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेव, माथा येईपर्यंत हात लावू नकोस — घामाने भिजलेल्या अंगाला वरचा वारा लागला की भर जुलैतही दात वाजतात.

५. उतरताना तोंड शिडीकडे, हात कठड्यावर, आणि फोटो नंतर — ओलं लोखंड कुणाची भीड ठेवत नाही.

६. चढताना अधूनमधून मागे वळून बघ — उतरतानाची वाट वेगळीच दिसते, त्यात धुकं आलं तर विचारूच नकोस.

७. तहान नसली तरी घोटभर पाणी पीत राहा, खिशात गूळ-शेंगदाणे ठेव — पावसात तहान कळत नाही, घाम मात्र जातच असतो.

८. सोबतची बडबडी मैत्रीण गप्प झाली, जॅकेटची चेन लावताना तिची बोटं चुकायला लागली, तर थट्टा करू नकोस — थंडी आत भिनली आहे. ओले कपडे बदल, गोड काहीतरी खायला घाल आणि सावकाश खाली घेऊन ये.

९. ढग काळे झाले तर शेवटच्या शिडीखालूनच माथ्यावरच्या देवीला हात जोड आणि वळ — माथा गाठला म्हणजे अर्धाच डोंगर झाला, उरलेला अर्धा उतरायचा असतो.

१०. निघण्याआधी बारीत एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगून ठेव — गरम जेवण तर मिळेलच, शिवाय उशीर झाला तर ‘पोरी अजून कशा आल्या नाहीत?’ म्हणून वाटेकडे बघणारं कुणीतरी गावात असेल.