कडाक्याच्या थंडीत पिकाची राखण

पुण्याचा पारा घसरल्याची बातमी आली की आमच्या संत तुकाराम नगरात स्वेटर बाहेर निघतात. परंतु चाकण-खेड पट्ट्यात टोमॅटो, मिरची किंवा बटाटा लावलेल्या शेतकरी बंधूंनी बातमीतील आकडा आपल्या शेताचा समजू नये. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत असतो. निरभ्र आकाश व वारा पडलेला असेल, तर पिकाचे पान त्याहून २ ते ४ अंशांनी अधिक थंड होते. पुणे वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. निफाड भागात डिसेंबर २०१८ अखेरीस पारा २ अंशांखाली आला, तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागल्या. यासाठी एक साधा तापमापक पिकाच्या उंचीवर, शेताच्या सर्वांत सखल भागात टांगावा. थंड हवा जड असते; ती पाण्यासारखी उताराने ओढ्याकाठच्या वावरात साचते.

रात्री पिकाला ऊब मिळते ती जमिनीतून. ओली, दबलेली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते व रात्री ती वर सोडते. कोरड्या, भुसभुशीत जमिनीत तसे होत नाही. त्यामुळे लाटेचा इशारा मिळताच दुपारीच हलके पाणी द्यावे आणि त्या आठवड्यात कोळपणी टाळावी. पाचटाचे आच्छादन एरवी चांगलेच, पण ते जमिनीची ऊब खालीच अडवते. कमी उंचीच्या भाजीपाल्यात तेवढ्या रात्रींपुरते ते ओळीतून बाजूला ओढावे. गहू व हरभरा यांना साधारण थंडी मानवते, त्यांच्यासाठी एवढी धावपळ नको.

धूर म्हणजे पिकाचे पांघरूण, हा समज मला फारसा पटत नाही. जमिनीतून निघणारी उष्णता धूर फारशी अडवत नाही. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा बांधाने लहान लहान शेकोट्या कराव्यात. मोठ्या जाळाची गरम हवा उंच निघून जाते. पहाटे, सूर्योदयापूर्वी, तापमान सर्वांत खाली असते. शेकोट्या तोवर टिकाव्यात. टायर जाळू नयेत.

रात्रीच्या विजेवर पाणी धरणे अटळ असेल, तर गमबूट व विजेरी हवीच, आणि एकट्याने जाऊ नये. मोटारीच्या खोलीत दार लावून शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतते. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, माणसाला जागही येत नाही. गोठ्यालाही हाच नियम लावावा. वाऱ्याच्या बाजूला पोती बांधावीत, वासरांखाली कोरडे गवत पसरावे, पण वर झरोका उघडा ठेवावा.

पाने करपली तरी फळझाडांवर लगेच कात्री चालवू नये. नवी फूट येऊ लागली की जिवंत लाकूड कुठवर आहे ते कळते. छाटणी त्यानंतरच करावी.