पळण्याची नोंद ठेवायला खर्च किती?

शुक्रवार पेठेतून पहाटे पार्क मैदानाकडे पळायला निघणारी पोरं-पोरी भरतीची तयारी करत असतील, तर मोबाइलमधल्या अ‍ॅपवर पैसे घालवायची त्यांना गरज नाही. पोलीस शिपाई भरतीत मुलांच्या १६०० मीटरला २० गुण असतात, आणि ते पूर्ण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावं लागतं. रोजची वेळ लिहून ठेवल्याशिवाय तिथवर पोहोचणं अवघड. ही वही मोबाइलमध्ये फुकट ठेवता येते.

अँड्रॉइडवर ओपनट्रॅक्स आणि फिटोट्रॅक ही दोन मुक्त-स्रोत अ‍ॅप्स आहेत. एफ-ड्रॉइड या अ‍ॅप-भांडारातून ती उतरवली तर किंमत शून्य, जाहिरात नाही, वर्गणी नाही, खातं उघडावं लागत नाही. ओपनट्रॅक्स तर इंटरनेटची परवानगीच मागत नाही. तुम्ही कुठून निघालात, कुठे परतलात हे फोनबाहेर जात नाही. पहाटे एकट्या पळणाऱ्या मुलींच्या घरच्यांनी हा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा. ओपनट्रॅक्स हे गूगलच्या माय ट्रॅक्स या अ‍ॅपमधून आलं. गूगलने २०१६ साली माय ट्रॅक्स बंद केलं, पण कोड खुला असल्याने इतरांनी पुढे चालवलं. नकाशा आत हवा असेल तर फिटोट्रॅक घ्या. त्याला नकाशापुरता डेटा लागतो.

खरा खर्च वेळेचा आणि काळजीचा. बरेच फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप्स बंद करतात आणि पळणं अर्ध्यातच तुटलेलं दिसतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा. पेठेतल्या अरुंद बोळात जीपीएस भरकटतं, म्हणून मोकळ्यावर येऊन मगच नोंद सुरू करा. दुसरं, या अ‍ॅप्सच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर नसतात. फोन हरवला की सगळं गेलं. आठवड्यातून एकदा अ‍ॅपमधून नोंदींची जीपीएक्स फाइल काढून दुसरीकडे ठेवा.

भरतीतल्या १०० मीटर धावण्याला मात्र फोनवर अजिबात विसंबू नका. जीपीएस काही मीटरने सहज चुकतं, आणि एवढ्या अंतरात तेवढी चूकसुद्धा फार झाली. १६०० मीटरही ४०० मीटरच्या आखलेल्या ट्रॅकवर चार फेऱ्या मारून, स्टॉपवॉच लावूनच मोजा. अ‍ॅप लांब, संथ पळण्यासाठी आणि महिन्याचा हिशेब बघण्यासाठी.

छातीला बांधायचा हृदयगती-पट्टा ओपनट्रॅक्सला ब्लूटूथने जोडता येतो, पण तो काही हजारांचा असतो आणि भरतीच्या तयारीला लागत नाही. मनगटी बँड आधीच घरात असेल तर गॅजेटब्रिज हे फुकट अ‍ॅप तो चालवतं का, ते आधी तपासा. नव्याने विकत घेऊ नका. तेवढे पैसे बुटांना लावा.