अन्ननलिकेचा कर्करोग आणि यकृताची गंगाजळी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शस्त्रक्रियेवर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण आमच्या गल्लीतील एका काकांना अन्ननलिकेचा कर्करोग निघाला, घरच्यांनी पैशांची जुळवाजुळव केली आणि डॉक्टर म्हणाले, "आधी यकृत पाहू." रोग एकीकडे आणि तपासणी भलतीकडे, अशी कुरकुर झाली. ती कुरकुर का चुकीची होती, ते वाचून समजले तसे मांडतो.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंतची सुमारे २५ सेंटीमीटरची नळी. आमचे कन्नड मित्र तिला 'अन्ननाळ' म्हणतात. येथे दुभाष्याचे काम नाही. तिच्या कर्करोगाच्या एका मोठ्या प्रकारामागे तंबाखू आणि दारू असते. यकृत निबर करणारा सिरोसिसही पुष्कळदा दारूचाच. त्यामुळे दोन्ही रोग एकाच देहात भेटतात.

१९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी छातीतील अन्ननलिका यशस्वीपणे काढली. पुढची जोडणी झाली नाही. ती रुग्ण स्त्री शरीराबाहेरील रबरी नळीतून अन्न घेत दहाहून अधिक वर्षे जगली. १९४६ मध्ये आयव्हर लुईस यांनी पोट व छातीची उजवी बाजू उघडून, जठर वर ओढून जोडण्याची पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे.

अडचण येते ती येथेच. आतड्यांकडून येणारे रक्त निबर यकृतातून सहज जात नाही. ते आडवाटा शोधते आणि जठराचा वरचा भाग व अन्ननलिकेचे खालचे टोक येथील शिरा फुगतात. म्हणजे नेमके जेथे चाकू लावायचा तेथेच. शिवाय रक्त गोठवणारे घटक यकृतच तयार करते. ते कमी पडले की रक्तस्राव आवरत नाही, पोटात पाणी साचते, जंतुसंसर्ग लवकर होतो. छातीतील जोड गळला तर जिवावर बेतते.

यकृताची गंगाजळी मोजण्याची रीत मला फार आवडली. चाइल्ड आणि टर्कॉट यांनी १९६४ मध्ये वर्गवारी केली. १९७३ मध्ये प्यू व सहकाऱ्यांनी ती सुधारली, तीही अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांच्या शस्त्रक्रियेचा अभ्यास करताना! बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, जलोदर आणि मेंदूवरील परिणाम या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण. बेरीज ५-६ आली तर 'ए', ७ ते ९ 'बी', १० ते १५ 'सी'. जुन्या वर्गवारीतील 'पोषण' हा अंदाजाचा रकाना प्यूंनी काढून तेथे रक्त गोठण्याचा वेळ घातला. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच. पण ज्याला घास गिळवत नाही, त्याचे पोषण वेगळे पाहावेच लागते.

'ए' गटातील निवडक रुग्णांवर पूर्वतयारीनंतर शस्त्रक्रिया करतात. 'बी'मध्ये शल्यविशारद कचरतात आणि 'सी'मध्ये सहसा नाहीच म्हणतात. त्या 'नाही'चा अर्थ उपचार संपले असा नव्हे. वरच्या थरातच असलेली गाठ काही वेळा दुर्बिणीतून काढता येते. किरणोपचार, सोबत झेपतील तेवढी औषधे, गिळता यावे म्हणून आत बसवायची जाळीदार नळी, हे मार्ग राहतात. दारू पूर्ण सोडली तर काही महिन्यांत काहींचे गुण सुधारतातही. मात्र तोवर गाठ वाढायची थांबत नाही, आणि डॉक्टरांना निर्णय त्या मुदतीच्या आतच घ्यावा लागतो.