एकतीस तारखेचा हप्ता

नायगाव, जि. नांदेड

चि. मुन्नी,


पतसंस्थेच्या प्रोग्रॅममधून तू काढलेला हप्त्यांचा तक्ता पाहिला. 31 जानेवारी 2025 ला कर्ज उचललेल्या माणसाचा पहिला हप्ता त्यात 3 मार्चला पडलाय. फेब्रुवारी गेला कुठं? जावास्क्रिप्टनं महिन्याचा आकडा एकनं वाढवला, 31 फेब्रुवारी काही सापडली नाही, मग वरचे तीन दिवस मार्चात ढकलून दिले. पीएचपीही तसंच करते. एक्सेलचं ईडेट मात्र 28 फेब्रुवारीवरच थांबतं. दोघांत बरोबर कोण, हे लायब्ररीला विचारू नकोस, करारनाम्याला विचार.

हा प्रश्न काही कॉम्प्युटरनं आणलेला नाही. चेक बाऊन्सचं कलम 138 ज्यात आहे, त्याच 1881 च्या कायद्याचं कलम 23 वाच. मुदत संपते त्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. खाली उदाहरणही आहे: 29 जानेवारी 1878 चा, एक महिन्याच्या मुदतीचा कागद. महिना भरतो 28 फेब्रुवारीला, वर सवलतीचे तीन दिवस. तो कायदा वचनचिठ्ठ्या नि हुंड्यांसारख्या कागदांचा, तुझ्या कर्जाला जशाचा तसा लावता येईल असं नाही. पण करारात काही लिहिलेलं नसेल, तर संस्थेपुढं हाच नियम ठेव.

तो लावला तरी एक खोड उरते. 28 फेब्रुवारीत महिना मिळवलास तर 28 मार्च येते, आणि बिचाऱ्याची 31 तारीख कायमची गेली. म्हणून मागच्या हप्त्यावरून पुढचा काढू नकोस. मूळ तारीख जपून ठेव, तिच्यात एक, दोन, तीन महिने मिळव: 28 फेब्रुवारी, 31 मार्च, 30 एप्रिल. आणि महिना म्हणजे 30 दिवस धरशील, तर बारा हप्त्यांत वर्षाचे पाच दिवस खाशील. व्याज दिवसांवर असेल तर दिवस वेगळे मोज.

आपल्याकडं उधारी 'दिवाळीला देतो' अशी बोलतात, ते सॉफ्टवेअरमध्ये घालायच्या भानगडीत पडू नकोस. 2022 ला दिवाळी 24 ऑक्टोबरला होती. 2023 ला अधिक श्रावण आला नि ती 12 नोव्हेंबरला गेली!

हप्ता रविवारी आला तर आधी घ्यायचा की नंतर, हे सचिवांकडून लेखी घे. नवा तक्ता पाठवशील तेव्हा 31 ऑगस्ट आणि 29 फेब्रुवारी 2024 या दोन्ही तारखांचे हप्ते काढून पाठव. आक्काला नमस्कार सांग.

तुझा,
मामा